काळ्या तोंडास काजळी : बर्ट विल्यम्स यांची हकीकत

(गावच्या शाळेत जमलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)

मंडळी, आयाबायांनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या तरुण पोरांनो,

मागे शाळेच्या संमेलनात आपल्या पोरांनी एक सोंग आणले होते, ते तुम्हां सर्वांस आठवत असेलच. सावकाराचा खुळा गडी म्हणून जे पोर उभे केले होते ते मुळचेच सावळे. तरी त्याच्या तोंडास तव्याची काजळी फासली. त्याने बोबडे बोलून, अडखळून, धोतरात पाय अडकवून घेऊन साऱ्या गावास पोट धरधरून हसविले. आम्हीही हसलो. खेळ संपल्यावर ते पोर हौदापाशी तोंड धूत बसले होते. काजळी लवकर निघेना. आम्हांस पाहून त्याने विचारले, "गुरुजी, मी बोललो तसं म्हणून लोक हसले, का मी दिसतो असा म्हणून?"

वीस वर्षे मास्तरकी केली. त्रैराशिके शिकविली, मोडी शिकविली, पण या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे सुचले नाही. "शाबास, छान केलेस," एवढेच म्हणून आम्ही पाय काढला. घरी आल्यावर जेवण गोड लागले नाही. तेव्हापासून एका परदेशी नटाची हकीकत मनात घोळत आहे. इंग्रजी आम्हांस बेताचेच. कोश उशाशी घेऊन जे वाचले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

त्या नटाचे नाव बर्ट विल्यम्स. अमेरिकेतले काळे गृहस्थ. गात, नाचत, हसवीत आणि स्वतःच्या गाण्यांना स्वतः चाली लावीत. आम्ही त्यांस अहो-जाहो करणार आहोत, आणि तेही मुद्दाम. कारण त्यांच्या देशात पिकल्या केसांच्या काळ्या माणसालाही गोरे लोक 'ए पोरा' म्हणून हाक मारीत.

अमेरिकेच्या काळ्या लोकांचे नाव या महाराष्ट्रात नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली, तेव्हा तिची अर्पणपत्रिका युनायटेड स्टेट्समधील त्या सदाचारी लोकांस लिहिली, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडविण्यासाठी झीज सोसली. त्या पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १८७४ रोजी, बहामा बेटांतल्या नॅसो गावी बर्ट विल्यम्स जन्मले. म्हणजे बेड्या तुटल्यावर जन्मलेली ही पिढी. बेड्या तुटल्यानंतर काय होते, हे जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेत असण्याचे कारण नव्हते. ते या माणसाच्या आयुष्यात दिसते.

आता आधी एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे उमगणार नाही.

१८३० च्या सुमारास टॉमस राइस नावाच्या एका गोऱ्या नटाने बुचाचा तुकडा जाळून त्याची काजळी तोंडास फासली, अंगात चिंध्या घातल्या आणि एका काळ्या माणसाची नक्कल करीत गाणे म्हटले, उड्या मारल्या. त्या सोंगाचे नाव 'जिम क्रो'. लोक वेडे झाले. मग काय, असल्या खेळांच्या मंडळ्याच निघाल्या. सगळे नट गोरे, सगळ्यांची तोंडे काळी केलेली, ओठ मोठे रंगविलेले. त्या खेळांतला काळा माणूस नेहमी आळशी, भित्रा, कोंबड्या चोरणारा, कलिंगडावर तुटून पडणारा. ज्यांच्या कष्टावर कापसाची शेते उभी, ते आळशी! ही थट्टा तिकिटे काढून दोन-तीन पिढ्यांनी पाहिली, आणि पाहता पाहता तीच खरी मानली. १८६५ साली गुलामी कायद्याने बंद झाली. पण पुढे दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्यांसाठी वेगळा आगगाडीचा डबा, वेगळी शाळा, वेगळा पाण्याचा नळ असे कायदे केले, तेव्हा त्या कायद्यांना लोकांत नाव पडले 'जिम क्रोचे कायदे'. नाटकातल्या सोंगाचे नाव कायद्यास! १८९६ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या डब्याचा कायदा योग्य ठरविला, आणि ते जू मानेवरून उतरावयास १९६४ साल उजाडावे लागले.

गुलामी गेल्यावर काळ्या लोकांपैकी ज्यांचा गळा गोड, पाय हलके, ते रंगभूमीवर येऊ लागले. पण आत जावयास दार एकच होते, आणि त्या दारावर काजळीची डबी ठेवलेली होती. गोऱ्याने काळ्याचे जे सोंग केले होते तेच काळ्याने करून दाखवावे, असा प्रेक्षकांचा हट्ट. म्हणजे चोराने तुमचा सदरा न्यावा, तो वेडावाकडा शिवून घ्यावा, आणि मग तुम्हांलाच म्हणावे की तुझा सदरा असाच असतो, घाल.

विल्यम्स लहान असतानाच त्यांचे आईबाप अमेरिकेत आले व पुढे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे राहिले. विल्यम्स अंगाने उंच, भरदार, वर्णाने उजळ, बोलणे शुद्ध आणि संथ. वाचनाचा नाद पहिल्यापासून. पुढे पैसा मिळाल्यावर त्यांनी घरी मोठा ग्रंथसंग्रह केला. काळ्या माणसाची म्हणून जी मोडकी भाषा रंगभूमीवर चाले, ती त्यांची नव्हतीच. ती आपणांस परक्या मुलखातल्या बोलीसारखी शिकावी लागली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पाहा गंमत! जी भाषा 'तुमची जन्माची' म्हणून लोक ऐकावयास येत, ती त्या माणसाने घोकून पाठ केलेली.

१८९३ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात त्यांस जॉर्ज वॉकर भेटले. वॉकर कान्सास राज्यातल्या लॉरेन्स गावचे. ठेंगणे, काळेभोर, चपळ, पोशाखाचे शौकीन. जोडी जमली ती सोळा वर्षे टिकली. आरंभी वॉकर हसवीत आणि विल्यम्स गंभीर राहून त्यांस बोलते करीत. पुढे उलटे झाले आणि ते कसे, ते सांगतोच.

१८९४ साली त्याच शहरात मोठे प्रदर्शन भरले. त्यात आफ्रिकेतील दाहोमी मुलखाचे एक गाव उभारलेले होते. त्यात खरे दाहोमी लोक आणून बसवावयाचे होते. त्यांस येण्यास उशीर झाला. प्रदर्शनवाल्यांनी काय करावे? शहरातल्या काळ्या पोरांस मजुरीने धरून आणले आणि दाहोमी म्हणून बसविले. त्यांत हे दोघे होते. पुढे खरे आफ्रिकन आले तेव्हा हे दोघे त्यांचे गाणे-नाचणे पाहावयास जात. आपल्या पूर्वजांच्या मुलखाची माणसे त्यांनी तेथे प्रथम पाहिली. वॉकर यांनी पुढे लिहून ठेवले की आपल्या खेळांत आफ्रिका आणावी हा विचार त्यांच्या मनात तेथेच रुजला.

त्या काळी तोंड काळे केलेले गोरे नट आपल्या जाहिरातीत काळ्या माणसास देण्याची एक शिवी स्वतःस लावून मिरवीत. या दोघांनी तीच शिवी आपल्या पाटीवर घातली आणि तिच्यापुढे 'खरेखुरे' असा शब्द जोडला. तुम्ही नकली, आम्ही अस्सल! यात धंद्याची हुशारी होती आणि लाजही होती. कोणती जास्त, ते आम्हांस बसल्या जागेवरून सांगवत नाही. पोट हातावर असलेल्या माणसाचा हिशेब भरल्या पोटाने मांडू नये.

आता काजळीची गोष्ट. डेट्रॉइट शहरात एका रात्री विल्यम्स यांनी सहज गंमत म्हणून तोंडास जाळलेल्या बुचाची काजळी लावली आणि एक विनोदी गाणे म्हटले. तोवर ते स्वतःस गंभीर गाणारेच समजत. त्या रात्री लोक असे हसले की विल्यम्स यांस स्वतःचीच नवी ओळख पटली. आपण कोणी दुसरेच आहोत असे जेव्हा आपणांस पाहता आले, तेव्हा आपल्यातला विनोद जागा झाला, अशा अर्थाचे त्यांनी नंतर लिहिले आहे. त्या रात्रीपासून मरेपर्यंत, सुमारे पंचवीस वर्षे, रंगभूमीवर ते काजळीवाचून उभे राहिले नाहीत. उजळ वर्णाचा तो माणूस रोज संध्याकाळी आरशापुढे बसून काळा होई. आखूड विजार, ढगळ कोट, भले मोठे जोडे घाली, आणि ज्याचे काहीच कधी सरळ होत नाही असा एक बापडा माणूस बाहेर येई.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग गोऱ्यांच्या सोंगात आणि यांच्यात फरक तो काय? फरक आहे आणि तो बारीक आहे. गोऱ्यांच्या सोंगातला काळा माणूस मूर्ख म्हणून फजीत होई. विल्यम्स यांचा माणूस मूर्ख नव्हता. तो दुर्दैवी होता. शहाणपण सारे कळते, पण पाऊस नेमका त्याच्याच खळ्यावर येतो. हातवारे फारच थोडे. एक खांदा पडला, डोळे वर गेले, क्षणभर गप्प राहिला, की नाटकगृह कोसळे. त्यांचा एक मुका प्रवेश होता: एकटाच माणूस पत्त्यांच्या डावाला बसला आहे, समोर कोणी नाही, टेबलही रिकामे. पत्ते वाटणे, चोरून पाहणे, आशा, शंका, पैज वाढविणे आणि शेवटी नागविले जाणे, हे सगळे तोंडावर. हा प्रवेश १९१६ साली चित्रपटात उतरला, म्हणून आजही पाहता येतो.

१८९६ साली ही जोडी न्यूयॉर्कला आली आणि 'केकवॉक' नावाच्या नाचाने गाजली. या नाचाची कुळकथा मोठी मासलेवाईक आहे. गुलामीच्या काळात मालक लोक ऐटीत नाचत, ते मळ्यावरचे गुलाम लांबून पाहत, आणि आपल्या अंगणात त्याच ऐटीची नक्कल छाती काढून, पाय उचलून करीत. मालक ते पाहून खूश होत आणि जिंकणाऱ्या जोडीस केक बक्षीस देत. थट्टा आपलीच चालली आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. आपल्या तमाशातल्या सोंगाड्यास हे सांगावे लागणार नाही. पाटलाच्या वाड्यापुढे पाटलाचीच हजामत कशी करावी आणि वर बिदागी कशी घ्यावी, हे तो पुरते जाणतो. पुढे न्यूयॉर्कची धनिक मंडळी हा नाच आपल्या दिवाणखान्यात करू लागली. १८९८ साली व्हँडरबिल्ट घराण्यातल्या एका बड्या असामीने केकवॉक केल्याचे ऐकून विल्यम्स आणि वॉकर नटूनथटून त्याच्या दारी गेले आणि आव्हानाची चिठ्ठी देऊन आले: खरा केकवॉक कोणाचा ते ठरवू, पन्नास डॉलरची पैज. धनिकाने पैज घेतली नाही, परंतु शहरभर बोलबाला झाला.

बोलबाल्याची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट १९०० मध्ये न्यूयॉर्कात गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांवर हल्ले केले. जमाव रस्त्यात नावे घेऊन ओरडत होता. काळ्यांची कोणती नावे त्यांस ठाऊक असणार? नटांचीच! विल्यम्स, वॉकर, अर्नेस्ट होगन, बॉब कोल, जॉन्सन, यांना पकडा, असा पुकारा चालला होता. वॉकर त्या रात्री सापडले आणि कसेबसे निसटले. ज्यांच्या गाण्यावर संध्याकाळी टाळ्या वाजल्या त्यांच्याच मागे रात्री काठ्या. मंडळी, येथे आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

तरी हे लोक मागे सरले नाहीत. १८ फेब्रुवारी १९०३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'इन दाहोमी' नावाचे संगीत नाटक लागले. रचणारे काळे, गाणारे काळे, चाली लावणारे काळे, असे पूर्ण लांबीचे नाटक तेथल्या मोठ्या नाटकगृहात त्यापूर्वी लागलेले नव्हते. चाली विल मॅरियन कुक यांच्या. हे बर्लिनला जाऊन व्हायोलिन शिकून आलेले. पण पदे पॉल लॉरेन्स डन्बर यांची, आणि डन्बर हे गुलामांचे पुत्र. शाळा झाल्यावर त्यांस डेटन शहरात एका इमारतीतला पाळणा वरखाली करण्याची नोकरी करावी लागली आणि तेथेच उभ्याउभ्या ते कविता करीत. संहिता जेसी शिप यांची. खेळ लागण्याआधी दंगा होईल अशी भाकिते झाली होती. दंगा काही झाला नाही. मात्र काळ्या प्रेक्षकांस वरच्या माळ्यावर बसविले होते. रंगमंच काळ्यांचा, पण खुर्ची नाही! त्रेपन्न प्रयोगांनंतर मंडळी विलायतेस गेली. लंडनात मे महिन्यात खेळ सुरू झाला, आणि २३ जून १९०३ रोजी राजवाड्यात राजनातवाच्या नवव्या वाढदिवशी बादशहा एडवर्ड सातवे यांच्यापुढे प्रयोग झाला. सारे इंग्लंड केकवॉक करू लागले. स्कॉटलंडात एडिंबरो येथे १९०४ साली फ्रीमेसन मंडळीने विल्यम्स यांस आपल्यात सभासद करून घेतले. त्यांच्या स्वतःच्या देशातल्या गोऱ्या मेसनांनी ते केले नसते. ही गोष्ट पुढे येणार आहे, ध्यानात ठेवा.

'अॅबिसीनिया' १९०६ साली आणि 'बँडॅना लँड' १९०८ साली, अशी आणखी दोन नाटके झाली. पण विल्यम्स यांचे नाव ज्याने अमर झाले ते एक छोटेसे गाणे. शब्द अॅलेक्स रॉजर्स यांचे, चाल स्वतः विल्यम्स यांची, साल १९०५. नाव 'नोबडी', म्हणजे 'कोणी नाही'.

हे गाणे म्हणजे अर्धे बोलणे आणि अर्धे गाणे. मागे एक मोठे पितळी वाद्य कण्हत असते. तो बापडा माणूस आपल्या अडचणी एकेक सांगतो. थंडी, भूक, रिकामा खिसा. आणि दर वेळी स्वतःसच विचारतो की अशा वेळी माझ्या मदतीस कोण आले? मग थोडे थांबतो. त्या थांबण्यातच सारे आहे. आणि लांबलेल्या, थकलेल्या आवाजात उत्तर देतो: कोणी नाही. शेवटी म्हणतो, मग मीही कोणासाठी काही करणार नाही. लोक हसून हसून रडत, आणि काही नुसतेच रडत. दुष्काळात ज्याने सरकारी कामावर खडी फोडली आहे, त्यास हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही. १९०६ साली कोलंबिया कंपनीने त्याची तबकडी काढली. लोक पुढे दुसरे गाणे ऐकूनच घेईनात. सात वर्षे हेच म्हणावे लागले. शेवटी विल्यम्स वैतागून लिहितात की हे शब्द लिहिणाऱ्याला आणि ही चाल जुळविणाऱ्याला कोणी आधीच बुडवून मारले असते तर बरे झाले असते. चाल जुळविणारे हे स्वतःच!

तबकडीवरून आठवले. १९०१ सालीच व्हिक्टर कंपनीने या जोडीची गाणी घेतली होती. काळ्या कलावंतांच्या अगदी पहिल्या तबकड्यांत त्यांची गणना होते.

१९०८ साली काळ्या नटांनी 'द फ्रॉग्ज' म्हणजे 'बेडूक' या नावाची आपली एक संस्था काढली. वॉकर पहिले अध्यक्ष. वॉकर यांचे म्हणणे उघड होते: आपली नाटके, आपली मंडळी, आपला हिशेब, आणि हळूहळू ही काजळी बंद. जोडीतला व्यवहार तेच पाहत आणि मालकांशी भांडतही तेच. परंतु १९०९ साली ते आजारी पडले. बोलणे अडखळू लागले. त्यांची पत्नी एडा ओव्हरटन वॉकर ही स्वतः नामांकित नर्तकी. तिने नवऱ्याचे पुरुषी कपडे घातले आणि त्याची गाणी त्याच्या जागी उभी राहून म्हटली. खेळ मोडू दिला नाही. आमच्या मते या साऱ्या हकीकतीत तिच्याएवढे धैर्य दुसऱ्या कोणाचे नाही. तिच्यावर निराळे भाषण झाले पाहिजे. वॉकर जानेवारी १९११ मध्ये वारले.

एकटे पडलेले विल्यम्स यांनी एक नाटक करून पाहिले. ते चालले नाही. तेव्हा १९१० साली फ्लोरेन्झ झीगफेल्ड या गोऱ्या मालकाने त्यांस आपल्या 'फॉलीज' या बड्या खेळात घेतले. त्या खेळातले काही गोरे नट रागावले. एक काळा आमच्या बरोबरीने उभा राहणार? तो येत असेल तर आम्ही जातो, असे त्यांनी बजाविले. झीगफेल्ड म्हणाला, खुशाल जा, तुमच्या जागी दुसरे मिळतील, याच्या जागी मिळणार नाही. निदान अशी गोष्ट सांगतात. कोणी गेले नाही. १९१९ पर्यंत थोडी वर्षे वगळता विल्यम्स तेथे राहिले आणि त्या देशातल्या सर्वांत मोठ्या विनोदी नटांत गणले गेले.

येथे त्यांच्याच समाजातून टीका झाली. आपली मंडळी सोडून गोऱ्यांच्या पंगतीस जाऊन बसला, आणि तिथेही काजळी फासूनच, असे म्हणणारे होते. उलट बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारखे पुढारी म्हणत की मला जे झगडून करावे लागले ते याने हसत हसत केले, आपल्या लोकांसाठी याने माझ्याहून जास्त केले. आमचे स्वतःचे मत विचाराल तर आम्हांस दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. हसविल्याने मन मऊ होते हे खरे. पण हसणारा हसून घरी जातो, आणि हसविणाऱ्याला मागल्या दाराने जावे लागते, त्याचे काय?

कारण मागले दार हे नुसते बोलण्यापुरते नाही. बाहेरगावी हॉटेलात खोली मिळालीच तर सामानाच्या पाळण्यातून वर जावे लागे. बरोबरचे नट खाली एकत्र जेवत, तेव्हा विल्यम्स आपल्या खोलीत एकटे जेवत. एडी कँटर नावाचे त्यांचे तरुण गोरे सोबती होते, त्यांनी एक आठवण सांगितली आहे. विल्यम्स त्यांस म्हणाले की हे सगळे इतके जड गेले नसते, पण काय करावे, टाळ्या अजून कानात वाजत असतात. आणि १९१८ साली एका मासिकात विल्यम्स यांनी लिहिले की काळा असणे यात लाजेचे असे काही मला कधी सापडले नाही, मात्र अमेरिकेत ते फार गैरसोयीचे आहे. राग नाही, शिवी नाही, आणि सुई मात्र बरोबर नखाखाली. डब्ल्यू. सी. फील्ड्स हे दुसरे मोठे विनोदी नट. ते म्हणत की विल्यम्स यांच्याइतका हसविणारा माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका दुःखीही पाहिला नाही.

१९१९ साली न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला. एका संध्याकाळी विल्यम्स नेहमीप्रमाणे नाटकगृहात आले, काजळी लावली, कपडे केले आणि खाली उतरून पाहतात तो सारे नाटकगृह रिकामे. संप आहे हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. संघ नटांचा, पण हे त्याचे सभासद नव्हते, आणि एक शब्द कळवावा असे कोणास वाटले नाही. नऊ वर्षे ज्यांच्याबरोबर रंगमंचावर उभे राहिले त्यांची ही आठवण! 'कोणी नाही' हे गाणे लिहून तोवर चौदा वर्षे झाली होती.

फेब्रुवारी १९२२ मध्ये डेट्रॉइट येथे खेळ चालू होता. होय, तेच डेट्रॉइट, जेथे पहिली काजळी लावली. मंडळीत हे एकटेच काळे. अंगात न्यूमोनिया भिनलेला, पण आपण थांबलो तर सगळ्यांची मजुरी बुडेल म्हणून उभे राहत होते. प्रयोगातच ते कोसळले. लोकांस वाटले हा नवाच विनोद आहे, हशा पिकला. त्यांस उचलून आत नेले तेव्हा ते म्हणाले म्हणतात, मरावे तर असे, मी बाहेर पडलो तेव्हा लोक हसत होते. न्यूयॉर्कला घरी आणले; ४ मार्च १९२२ रोजी प्राण गेला. वय सत्तेचाळीस. जो मेसन संघ त्यांस जिवंतपणी दारात उभे करीत नसे, त्याच न्यूयॉर्कच्या गोऱ्या मेसनांनी एडिंबरोच्या सभासदत्वाला मान देऊन आपल्या मोठ्या मंदिरात त्यांचे अंत्यविधी केले. मेल्यावर पुढचे दार उघडले.

आणखी एक सांगावयाचे राहिले. १९१३ साली एका कंपनीने विल्यम्स यांस नायक करून बहुतेक सगळे नट काळेच असलेला एक चित्रपट काढावयास घेतला होता. तो पुरा झाला नाही, कोठे लागला नाही. त्याची रिळे न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात अनेक दशके पडून होती. ती ओळखून, जुळवून २०१४ साली लोकांस दाखविली. त्यातही विल्यम्स यांच्या तोंडास काजळी आहे. पण भोवतालच्या बायकापुरुषांच्या तोंडास नाही. ते रविवारच्या कपड्यांत जत्रेला चाललेले साधे लोक आहेत. पाळण्यात बसतात, केकवॉक नाचतात. शेवटी नायक आपल्या आवडत्या बाईस दारापर्यंत पोचवितो आणि तिचा मुका घेतो. थट्टा नाही, धडपड नाही. काजळीच्या आतून एक सुखी माणूस पाहतो आहे. असे दृश्य त्या काळच्या पडद्यावर विरळाच दिसे, आणि हे तर शंभर वर्षे डब्यात राहिले.

आता आपल्या त्या पोरास दोन शब्द. तो येथे तिसऱ्या ओळीत बसला आहे. नाव घेत नाही. पोरा, त्या रात्री काही लोक तुझ्या बोलण्यास हसले आणि काही तुझ्या दिसण्यास हसले. आमचे हसणे दोन्हींत मोडत होते, हे आम्ही सर्वांदेखत सांगतो. पुढच्या संमेलनात कोणाच्या तोंडास काही फासले जाणार नाही. तुला हसवावयाचे असेल तर तव्याची गरज नाही, हे तू हौदावर तोंड धुताना मास्तरांचीच जी नक्कल सोबत्यांस करून दाखविलीस त्यावरून आम्हांस कळले आहे. ती आम्ही भिंतीआडून पाहिली. फर्मास होती.

'कोणी नाही' या गाण्याचे १९०६ सालचे ध्वनिमुद्रण आम्ही मिळविले आहे. आवाज खरखरतो, शब्द इंग्रजी आहेत, पण तो थांबतो कोठे ते कळावयास भाषा लागत नाही. येत्या शनिवारी दिवेलागणीनंतर शाळेत लावू. बसावयास घोंगड्या घरून आणाव्या. शाळेच्या सतरंज्या यंदाच्या उंदरांनी खाल्ल्या आहेत.